पाहुणा जेवत नाही

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज तीनशे माणसं जेवायची आणि ताटात टाकून उठायची एकाचीही बिशाद नव्हती. कारण मावशी. कोणी अन्न चिवडताना दिसला, की ती डाव घेऊन त्याच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहायची आणि ताट स्वच्छ झाल्याशिवाय हलायची नाही. फोरमनसुद्धा तिच्यापुढे गुमान जेवायचा. अख्खा कारखाना तिला मावशी म्हणे. खरा भाचा मात्र एकच, तिच्या गेलेल्या बहिणीचा मुलगा, बाराव्या वर्षापासून तिच्याकडेच वाढलेला.

हा भाचा जहाजदुरुस्ती शिकायला सहा महिन्यांसाठी दूरच्या बंदरात गेला आणि जाताना आपला अजगर मावशीच्या गळ्यात घालून गेला. गळ्यात म्हणजे बोलण्यापुरतं. अजगर काचेच्या पेटीत होता. बॉल पायथन जातीचा, दोनेक हात लांब, बिनविषारी, आणि घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होणारा. मावशी त्याला पाहुणा म्हणू लागली. भाच्याने सगळं कागदावर लिहून ठेवलं होतं. पेटीची एक बाजू उबदार ठेव, दुसरी जरा थंड. पाणी रोज बदल. दहा दिवसांनी एकदा फ्रीजरमधला मेलेला उंदीर गरम पाण्यात ऊन कर आणि चिमट्याने पुढे धर. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावू नकोस.

मावशीला भीती वाटली नाही, प्रश्न पडले. हात नाहीत, चावायला दाढा नाहीत, डोकं अंगठ्यापेक्षा जरासं मोठं. हा अख्खा उंदीर गिळतो कसा? डोक्याकडून सुरुवात करतो की शेपटीकडून? शेपूट शेवटी तोंडाबाहेर लोंबते का? कॅन्टीनमध्येही हीच चर्चा. सगळं नीट बघून येऊन सांगते, असं तिने कबूल करून टाकलं.

ठरल्या दिवशी ती चष्मा पुसून, खुर्ची पेटीला लावून बसली. पाहुण्याने जीभ काढून वास घेतला आणि तोंड फिरवलं. मावशीने उंदीर पुन्हा ऊन केला, जवळ नेला, हलवून दाखवला, लाडीगोडी लावली. पाहुणा गोळा होऊन बसला. दहा दिवसांनी तेच, वीस दिवसांनी तेच. चाळीस दिवसांत स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन साडेसहाशे ग्रॅमवरून पाचशे सत्तरवर आलं. तीनशे माणसांना जेवू घालणाऱ्या बाईने एका जीवापुढे हात टेकले.

खोटं बोलणं तिला जमायचं नाही. भाच्याने फोनवर विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगून टाकलं. रविवारपर्यंत खाल्लं नाही तर मी सगळं सोडून परत येतो, असं तो म्हणाला. ही जागा त्याला दोन वर्षं खेटे घालून मिळाली होती आणि एकदा सोडली की पुन्हा मिळणार नव्हती. 

ती पेटी उचलून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी पाहुण्याचं तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं; आजार काही नव्हता. मग त्यांनी विचारलं, "त्याला खायला देता तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"कुठे म्हणजे? समोर."

"रानात त्याच्याकडे टक लावून कोण बघतं, मावशी? त्याला खाणाराच. पेटी झाका आणि निघून जा."

शनिवारी दिवेलागणीला मावशीने ऊन उंदीर पेटीतल्या पाहुण्याच्या लपायच्या डब्यासमोर ठेवला, पेटीवर चादर टाकली आणि दार लोटून घेतलं. आता कुठे खरी परीक्षा होती. चादरीचं एक टोक उचललं असतं, तर चाळीस दिवसांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली असती. तीनदा ती दारापर्यंत गेली. शेवटी स्वतःवरचा विश्वास उडाला तशी घराला कुलूप लावून रस्त्यावर येरझाऱ्या घालू लागली.

दीड तासाने तिने चादर काढली. उंदीर नव्हता. पाहुण्याच्या अंगात मधोमध एक फुगवटा होता आणि तो निवांत जीभ काढत होता. मावशीला भरून आलं. बघायचं राहून गेलं याची चुटपुटही लागली.

तिने लगेच फोन लावला. भाच्याला हायसं वाटलं. कसा काय खाल्ला, त्याने विचारलं.

"मी कुठे बघितलं? मी समोर असले की खातच नव्हता मेला."

पलीकडे तो हळूच हसला.

"माझंही तेच व्हायचं, मावशी. मी नवा होतो तेव्हा. तू समोर बसलीस की घास उतरायचा नाही."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू एवढ्या मायेने बघत बसायचीस. सांगणार कसं?"

मावशीला आठवलं. बारा वर्षांचं ते पोर एकेक घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवायचं. ते तिने रोज समोर बसून पाहिलं होतं, आणि याला तहान फार लागते, एवढंच तिला समजलं होतं.