फुर्रकाकांनी न गिळलेला घोट

रसनेची उपासना पुष्कळ जण करतात. परंतु उपास्य वस्तू कंठाखाली उतरू द्यायची नाही, हे कठोर व्रत चौतीस वर्षे निष्ठेने पाळलेला एकच पुरुष माझ्या पाहण्यात आहे. हे गृहस्थ एका चहाच्या कंपनीत चव पारखण्याच्या पदावर होते. रोज दोनशे पेले ओळीने मांडलेले असत. चमचाभर चहा 'फुर्र' असा नाद करीत टाळूवर उडवायचा, क्षणभर घोळवायचा, भांड्यात थुंकायचा आणि मग अभिप्राय द्यायचा. त्या नादामुळे आप्तवर्गात ते फुर्रकाका झाले. थुंकल्यावाचून त्यांना मत सुचतच नसे.

निवृत्तीनंतर मुलीचे लग्न झाले. व्याही दंतवैद्य. त्यांनी अनेक व्हिस्क्या मिसळून केलेल्या एका जपानी 'ब्लेंडेड' व्हिस्कीची बाटली सहा वर्षे सीलबंद जपली होती. एखादी जाणकार जीभ लाभेपर्यंत ती उघडायची नाही, असा त्यांचा संकल्प. रविवारी दुपारच्या जेवणाचे आमंत्रण आले आणि पाठोपाठ मुलीचा फोन.

"बाबा, सासूबाई फार टापटिपीच्या आहेत. त्यांच्यासमोर थुंकलात तर मी त्या घरात मान वर करू शकणार नाही. गिळायचं!"

"गिळतो गं. त्यात काय एवढं?"

"आधी पाण्यावर सराव करा."

सराव झाला. काकूंचा पहारा असूनही गॅलरीतल्या कुंडीला दोनदा अनपेक्षित लाभ घडला. शनिवारी मात्र सलग अकरा घोट पोटात गेले.

रविवारी व्याह्यांनी बाटलीचे बूच, जणू ती एखादी हळवी दाढच, अशा मृदू हाताने काढले. फुर्रकाकांनी पेला उजेडात धरला, हुंगला, आणि... फुर्र! विहीणबाईंच्या हातून चमचा पडला.

गाल फुगले. डोळे मिटले. काकूंनी टेबलाखालून पाय दाबला. मुलगी नुसत्या ओठांनी 'गिळा, गिळा' म्हणू लागली. कंठ मात्र व्रताला जागत होता.

आणि इथे दंतवैद्यांची स्वतःची तपश्चर्या जागी झाली. फुगलेले गाल समोर दिसताच त्यांचा हात आपोआप पुढे झाला. बर्फाचे भांडे फुर्रकाकांच्या हनुवटीखाली धरून ते परम वात्सल्याने म्हणाले, "हं, थुंका आता."

फुर्रकाका थुंकले.

मुलीने डोळ्यांवर हात घेतले. फुर्रकाकांच्या मुखावर मात्र तेज पसरले. "व्याहीबुवा, हे एकत्र कुटुंब आहे! पाच-सहा जणी आत नांदताहेत. पण सासू कोण नि सून कोण, शेवटपर्यंत कळू देत नाहीत."

"वा!" दंतवैद्य गहिवरले. "आणि तुमची ती मागची दाढ काढावी लागेल."

"नको हो, निम्मी चव तिथंच मुक्कामाला असते."

विहीणबाईंनी सुनेकडे एकवार पाहिले, चमचा उचलला, पदराने पुसला आणि आपला पेला पुढे केला.

"मलाही घाला थोडी. आणि ते भांडं जरा इकडे सरकवा."