फावड्याची डावी कड

इतर बायका नवऱ्याचा फोन तपासतात, शर्टाचा वास घेतात. मी फावडं तपासायचे.

फावडं म्हणजे शेतातलं नव्हे. कमरेएवढ्या दांड्याचं, अरुंद पात्याचं, दोन्ही कडांना करवतीसारखे दात असलेलं. नवऱ्याच्या छंदासाठी आणलेलं. दीड वर्षापूर्वी त्यानं अचानक मेटल डिटेक्टर घेतला. नऊशे दिरहम, म्हणजे आपले वीसेक हजार रुपये. साधे बूट घ्यायचे तरी हा माणूस चार दुकानं हिंडतो, आणि एका संध्याकाळी ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारातून ते धूड आणि फावडं उचलून घरी आला. म्हणाला, "ऑफिस एके ऑफिस किती करणार? हॉबी पाहिजे ना काहीतरी." पन्नाशीला आलेल्या पुरुषाला एकाएकी छंद लागला की त्याच्यामागे काहीतरी असतं, असं माझं ठाम मत आहे. मी तेव्हाच कान टवकारले.

तसा माझा स्वभावच संशयी. सुपरमार्केटची पावती मी दारातच उभी राहून तपासते. लिफ्टमध्ये कोणी जास्त गोड बोललं तर ह्याला काय हवंय, हा विचार आधी येतो. ह्या स्वभावाचा मला अभिमान होता, हेही सांगून टाकते.

तो म्हणायचा, मम्झारच्या बीचवर जातो. शनिवारी सकाळी सहाला निघायचा आणि अकरापर्यंत ऊद मेथातल्या आमच्या घरी परत. येताना कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या, बाटल्यांची बुचं, वाकडे खिळे, कधी पंचवीस फिल्सचं नाणं. लेकीनं त्या खजिन्याची एक बरणीच केली होती. दिसायला सगळं बरोबर होतं. फक्त फावडं बरोबर नव्हतं.

समुद्राकाठचं लोखंड मला चांगलं माहीत आहे. आमच्या बाल्कनीतली कपडे वाळत घालायची तार, तिलासुद्धा खारी हवा लागून सहा महिन्यांत गंज चढला. हे फावडं आठवड्याला ओल्या वाळूत जातं म्हणे, आणि त्याच्यावर गंजाचा एक ठिपका नाही. उलट पुढची धार बोथट झालेली, जागोजागी खाचा पडलेल्या, सुरी दगडावर आपटावी तशा. एक दात तर तुटलाच होता. पातं आणि दांडा जिथे जुळतात तिथे राखाडी रंगाची कोरडी धूळ बसलेली. बोट फिरवून मी ती जिभेला लावून पाहिली. खारट नव्हती.

"बीचवर दगड असतात का रे?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"असतात की. ब्रेकवॉटरच्या बांधाच्या बाजूला," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मा, यू आर लिटरली इंटरोगेटिंग अ शव्हल."

एकदा वाटलं, हा कुठल्या तरी जुन्या किल्ल्याच्या, जुन्या थडग्यांच्या आसपास खोदत असणार. तशा जागी हे यंत्र न्यायचंच नसतं. पकडला गेला तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास. त्या धास्तीनं मी एक रात्र तळमळत काढली. पण दुसऱ्या दिवशी फावडं पुन्हा हातात घेतलं आणि ती धास्ती बरी वाटावी असं काहीतरी दिसलं.

जमिनीत रेटायला पात्याच्या वरच्या कडेवर पाय द्यावा लागतो. नवरा उजव्या पायाचा. उजवीकडचा काळा रंग थोडा उडालेला, ते ठीक. पण डावीकडचा तर पुरता उडून आतलं लोखंड चकाकत होतं. म्हणजे दुसरं कोणीतरी, डाव्या पायाचं, ह्याच्यापेक्षा जास्त खोदत होतं. मी तशीच खाली पार्किंगमध्ये गेले, डिकी उघडली. टूलबॉक्सच्या खाली हातमोजे होते. लहान मापाचे. डाव्या हाताची पहिली दोन बोटं झिजून भोकं पडलेली. मी ते घालून पाहिले. मला अगदी बरोबर बसले.

म्हणजे बाई.

हसू नका. बावीस वर्षांचा संसार, आणि हा कुठल्या तरी बाईबरोबर दर शनिवारी खड्डे खोदतोय. काही विचारलं असतं तर त्यानं पुन्हा ब्रेकवॉटर सांगितला असता. म्हणून मी बोललेच नाही. शनिवारी पावणेसहाला तयार होऊन गाडीत जाऊन बसले.

त्यानं मला पाहिलं. मग म्हणाला, "यल्ला, चल. तसंही मला आता लपवायचा कंटाळा आलाय."

गाडी मम्झारकडे वळलीच नाही. डोंगरातल्या हत्ता गावाच्या रस्त्याला लागली. डोंगर दिसायला लागले. तो रस्ता माझ्या ओळखीचा होता. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोन कुटुंबं तिथल्या एका वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात, बार्बेक्यूला गेलो होतो. आम्ही आणि समोरच्या फ्लॅटमधले, मूळचे रत्नागिरीचे. त्या घरची बाई माझी ह्या देशातली पहिली मैत्रीण. लेकीच्या जन्माच्या वेळी माझी आई येऊ शकली नाही, तेव्हा चाळीस दिवस तिनं मला जेवू घातलं होतं.

त्या दिवशी चिकनला मसाला चोळायचा म्हणून मी बोटातली अंगठी काढून तिच्याकडे दिली. माझ्या आईची अंगठी. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हरवायला नको म्हणून तिनं ती स्वतःच्या बोटात घातली. संध्याकाळी मी मागितली तर तिच्या बोटात नव्हती. "सैल होती गं, कुठेतरी पडली," म्हणत ती रडवेली होऊन खडीत शोधायला लागली. सगळे शोधायला लागले. मी मात्र उभी होते. आणि सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "आधी पर्स उघडून दाखव."

तिनं पर्स चटईवर पालथी केली. दम्याचा पंप, खजुराची पुडी, माझ्याच लेकीची एक हेअरक्लिप. अंगठी नव्हती. तरी मी म्हणाले, "पर्समध्ये कोण ठेवेल?"

दोन महिन्यांत ते लोक फ्लॅट सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंटरनॅशनल सिटीत राहायला गेले. मला वाटलं, पळाले. असंच वाटलं होतं, आता कशाला लपवू.

वादीच्या तोंडाशी त्यांची गाडी उभी होती. तिचा नवरा सावलीत थर्मास घेऊन बसला होता. त्यानं मला पाहून नुसती मान हलवली. आणि पुढे पात्रात, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून, ती. माझ्या नवऱ्यानं फावडं आणि ते हातमोजे नेऊन दिले. तिनं हातमोजे चढवले आणि फावडं डाव्या हातात घेतलं. ती डावरी आहे हे मी कशी विसरले होते, कोण जाणे. दहा वर्षं तिला भाजी चिरताना पाहिलं होतं.

नवरा हळू आवाजात मला सांगायला लागला. आमच्या समोरचा फ्लॅट सोडल्यापासून ती दर महिन्याला इथे येत होती. पिठाची चाळण घेऊन. खडी चाळत बसायची. तिच्या नवऱ्यानं शेवटी ह्याला फोन केला, की भाईजान, हिला समजवा, गुडघे गेले हिचे. हा समजवायला आला आणि पाहून गेल्यावर सरळ डिटेक्टर घेऊन आला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय म्हणाली असतीस, विचार कर ना."

मी तिच्याजवळ गेले. खूप काही ठरवलं होतं वाटेत, त्यातलं एकही वाक्य आठवेना. "पुरे आता," एवढंच म्हणाले. "दोनदा पूर येऊन गेला ह्या वादीत. अंगठी कुठल्या कुठे गेली असेल. माझं चुकलं गं. फार चुकलं."

"तुझ्यासाठी नाही खोदत मी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "भाईजान, इधर देखो, मशीन जरा इधर."

नवऱ्यानं डिटेक्टर फिरवला. तो वाजला. तिनं लगेच खोदलं नाही. आधी हातमोजे काढले, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, दोन्ही तळहात माझ्या नवऱ्यापुढे धरले, मग उलटे करून दाखवले. त्यानं खाली बघत मान हलवली. मगच तिनं हातमोजे चढवले आणि डावा पाय फावड्यावर दिला.

"हे काय?" मी विचारलं.

ती म्हणाली, "एकटी कधीच खोदत नाही मी. एक विटनेस पाहिजे. नाहीतर मिळाल्यावर तू म्हणशील, हिनंच आणून पुरली."

असं कसं म्हणेन मी, असं ओठांवर आलं होतं. पण ते खोटं होतं. गाडीतून उतरून तिला तिथे पाहिलं, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात पहिला विचार तोच आला होता. लाज वाटायच्याही आधी. ती मला माझ्यापेक्षा चांगली ओळखत होती आणि दीड वर्ष त्या ओळखीप्रमाणे वागत होती. मी तिथेच खडीवर बसले आणि रडले. तिनं मला उठवलं नाही. खड्ड्यातून तंबूची एक गंजलेली खुंटी निघाली, ती पिशवीत टाकून ती पुढे सरकली.

अंगठी अजून मिळालेली नाही. ते फावडं गेल्या महिन्यात दांड्यापाशी मोडलं, आता नवीन घेतलंय. शनिवारी मीही जाते. यंत्र वाजलं आणि खोदायची पाळी माझी असली की मी बाह्या वर करते आणि दोन्ही हात तिच्यापुढे धरते. पहिल्यांदा मला वाटलं होतं, ती म्हणेल, राहू दे गं. ती तसं म्हणत नाही. नीट, उलटसुलट बघून घेते आणि मगच म्हणते, "यल्ला, खोद."