आतले साहेब

तुर्भ्याच्या शोरूममधला तो सेल्समन खुर्चीवर कधी धड टेकायचा नाही. किंमत कमी करा म्हटलं की पेन टकटकवत उठायचा. "टेन्शन नका घेऊ, साहेबांना विचारून येतो." मग काचेच्या केबिनमध्ये जायचा. काचेला अर्धा पडदा होता, आम्हाला बाहेरून त्याची वाकलेली पाठ तेवढी दिसायची.

परवा मी गाडी बघायला मागच्या यार्डात गेलो, तर तिथल्या खिडकीतून केबिन आतून दिसली. साहेबांची खुर्ची रिकामी होती. तो तिच्यापुढे हात जोडून काहीतरी बोलत होता.

मी टेबलाशी परतलो. तोही कपाळ पुसत आला. "चिडले माझ्यावर, पण तुमचं काम केलं."

लोनच्या कागदांवर सह्या करताना मला त्याच्याकडे बघवेना.

"साहेबांना थँक्यू सांगा," मी म्हणालो.

तो लगेच उठला आणि सांगायला आत गेला.