रेघेच्या आतली शिवण

दुकानात कात्री थोरल्याची आणि मशीन धाकट्याचं, ही वाटणी वडिलांनी केली तेव्हा थोरल्याला नुकती मिसरूड फुटली होती आणि धाकट्याचा पाय जेमतेम पायडलपर्यंत पोचत होता. पुढे दोघांचे केस पिकले, वडील भिंतीवरच्या फोटोत गेले, पण वाटणी हलली नाही. थोरला माप घेई, खडूनं रेघा आखी, कापड बेते, धाकटा शिवी. त्यांच्या कोटांचं गावभर नाव होतं. धाकट्यानं मात्र उभ्या जन्मात एक कोट कापला नव्हता. कुणी छेडलंच तर म्हणे, "शिकू की! दादा कुठं पळून चाललाय?"

दादा खरोखरच कुठं पळत नव्हता. त्याला जिना चढतानासुद्धा मध्ये बसावं लागे. पण दादाच्या आधी दादाचा हात निघाला. खडूची रेघ नागमोडी होऊ लागली. थोरला डाव्या हातानं उजवं मनगट धरी आणि उगाच खोकला काढी. धाकट्याला हे दिसलं आणि अशा वेळी शहाणी माणसं करतात तेच त्यानं केलं. तो सुईकडे अधिक लक्ष देऊन बघू लागला.

एका सकाळी वहिनी चहा घेऊन दुकानात आली.

"भावजी, तुमच्या भावानं आज कप सांडला."

"थंडी वाजली असेल."

"पंखा चालू होता." तिनं चहा ठेवला. "शिकायचं ते आज शिकून घ्या. माणूस राहील हो, हात राहील का?"

"या वयात कसं विचारू, वहिनी? लोक हसतील."

"लोक अजून तुमच्या कोटांना हसत नाहीत. त्याची वाट बघताय का?"

वहिनीला द्यायची उत्तरं धाकट्याकडे नेहमीच तयार असत; ती सुचत ती मात्र वहिनी निघून गेल्यावर. आज तो अर्धा ओवलेला दोरा तसाच टाकून उठला.

"दादा, मला कापायला शिकव."

थोरल्यानं चष्म्यावरून पाहिलं. "कधीपासून?"

"आत्तापासून."

"मशीन बंद केलंस?"

"केलं."

"मग खरं दिसतंय."

हात थरथरत असला तरी थोरल्याची जीभ शाबूत होती. "टेप लागला की प्रत्येक जण पोट आत घेतो. ती खोटी साक्ष लिहून घेऊ नकोस. गप्पा मार, श्वास सुटू दे, मग माप घे." धाकटा शिव्या खात शिकला, आणि भराभर शिकला. पहिला कोट कुणाचा, असा प्रश्न आला तेव्हा थोरला म्हणाला, "माझा काप. फसला तर घरची अब्रू घरात राहील."

धाकट्यानं शिकवल्याबरहुकूम कोट बेतला, झकास शिवला. थोरल्यानं तो अंगात घातला, हात उचलला आणि तो अर्ध्यावरच अडकला. काखेत कापड कचकन ताणलं.

"बघा, हात थरथरायचा थांबला!" वहिनी म्हणाली.

धाकट्याचा चेहरा उतरला. "मापं तर बरोबर होती."

"अगदी बरोबर. पण तू रेघेवर शिवत नाहीस, रेघेच्या आत शिवतोस. पोरवयापासून. म्हणून मी तुझ्यासाठी रेघच बाहेर आखायचो."

जन्मभर ज्या शिवणीचा धाकट्याला अभिमान होता, ती त्यानं काखेत बोटं घालून चाचपून पाहिली. शिवण सरळच होती. नको त्या जागी सरळ.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"इतकी वर्षं तू विचारलंस का? आणि आपणहून सांगितलं असतं तर तू फुगून बसला असतास."

हेही खरंच होतं. धाकट्याच्या अंगावर काटा आला तो दुसऱ्याच विचारानं. त्यानं आणखी एक-दोन वर्षं 'शिकू की' म्हणत काढली असती, तर तो बिनचूक कापत राहिला असता, आत शिवत राहिला असता आणि मरेपर्यंत गिऱ्हाइकांच्या पोटांना दोष देत राहिला असता. सांगणारं कुणी उरलंच नसतं.

त्यानं कोट उतरवून घेतला आणि काखेची शिवण उसवायला घेतली.

"अरे, पानं वाढलीत," थोरला म्हणाला. "आधी जेवून घे."

"जेवण कुठं पळून चाललंय? तू उभा राहा, दादा. हात वर कर."

थोरल्यानं हात वर केला. थरथरत होता, पण माप घेण्यापुरता चांगला होता.