औंढ्यात नवरदेवाशिवाय वाजलेला बँड

पुण्याहून निघाले तेव्हा बसमध्ये माझ्या मांडीवर व्हायोलिनची पेटी होती आणि ती माझी नव्हती. वादक मंडळी आदल्याच दिवशी पुढे गेली होती. त्यांतल्या एकीची पेटी मागे राहिली आणि ती माझ्या गळ्यात पडली. शेजारचे गृहस्थ परभणीपर्यंत मला मोठी कलावंत समजून खिडकीची जागा देऊन बसले होते. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. खिडकी कोणाला नको असते?

खरं तर संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. माझ्या वरच्या मजल्यावर पल्लवी नावाची मुलगी भाड्याने राहते. ती मोबाईलवरच्या खेळांना संगीत देते आणि त्यावर तिचं बरं चाललं आहे. गेलं वर्षभर तिची एकच चाल छतातून माझ्या स्वयंपाकघरात उतरते आहे. संपली संपली म्हणेपर्यंत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग मी टीव्हीचा आवाज वाढवते. एकदा जिन्यात गाठून मी तिला विचारलं, "अगं, ह्याला शेवट आहे की नाही?"

"नाही ना काकू," ती म्हणाली. "खेळातला माणूस नदी शोधत चाललेला असतो. खेळणारा त्याला नदीपार नेईपर्यंत वाजत राहायला हवं. कोणी दोन मिनिटांत नेतो, कोणी दिवसभर भटकतो."

त्याच चालीची आता सिंफनी होणार होती. सिंफनी म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचा मोठा वाद्यमेळ. पुण्यात नाही, मुंबईत नाही, तर हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला, एका मंगल कार्यालयात. व्हायोलिनवाले पुण्याचे आणि फुंकायची वाद्यं तिच्या वडिलांच्या लग्नाच्या बँडची. पुण्यातले तिचे मित्र हसले होते. मीसुद्धा हसले असते, पण आग्रहाने बोलावलं म्हणून निघाले.

सकाळी औंढ्याच्या स्टँडवर उतरले. चहा गोड मिट्ट होता. देवळाकडे बेल-फुलांची दुकानं उघडत होती. देऊळ पाहिलं. बाहेरच्या भिंतींवरची दगडी शिल्पं झिजलेली असली तरी अजून उठून दिसतात. दर्शनाची रांग लांब होती, म्हणून बाहेरूनच नमस्कार केला आणि शिरड शहापूरची रिक्षा पकडली. पल्लवीचं गाव ते.

"कुनाकडं जायचंय?" रिक्षावाल्याने विचारलं.

"बँडमास्तरांकडे."

"लगीन कुनाचंय?"

"लग्न नाही. नुसता कार्यक्रम आहे, ऐकायचा."

"मंग बँड काहून (कशाला)?" त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. वाटेत शेतांत हळद शिजवण्याचं काम चाललं होतं. वाफेचा उग्र, मातकट वास रिक्षात शिरत होता आणि अंगणाअंगणांत शिजलेली हळद वाळत पडली होती.

मास्तरांचं घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्याखाली खुंट्यांवर लाल कोट टांगलेले. मास्तर म्हणजे पल्लवीचे वडील. साठीचे, किरकोळ अंगाचे, क्लॅरिनेट वाजवणारे. पेटी मी जिची तिच्या हवाली केली. अंगणात तालीम चालू होती आणि घोडं अगदी पहिल्याच पायरीवर अडलं होतं. पल्लवीने बँडवाल्यांना खुर्च्यांवर बसवलं होतं.

"बसून कसं वाजवावं वो, बाई?" मास्तर मलाच विचारायला लागले, जणू खुर्च्या मी आणल्या होत्या. "पाय चालल्याबिगर हात चालत न्हाईत. ताल जाऊन राहिला समदा."

खरंच जात होता. शेवटी बँडने मागे उभं राहून वाजवायचं ठरलं. जागच्या जागी पावलं टाकायची मुभा मिळाली. मग प्रश्न आला थांबण्याचा. पल्लवी पुढे उभी राहून इशारे करणार होती. हात वर करून मूठ मिटली की सगळ्यांनी एकदम गप्प व्हायचं. व्हायोलिनवाले गप्प झाले. बँड दुप्पट जोरात सुटला.

"बाबा! हात वर म्हणजे बंद!"

"अगं माय, वरातीत नवरदेवाच्या दोस्तांनी हात वर केला म्हंजे 'होऊ द्या जोरात' असतंय. चाळीस वर्सं तेच करून राहिलो." मास्तर ओशाळून हसले. "बराबर. आता ध्यानात ठिवतो."

दहा-बारा वेळा घोटून घेतल्यावर जमलं. पल्लवीला मात्र घाम फुटला होता.

जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी होती. आमटी मी तीनदा मागून घेतली. जेवताना मी पल्लवीला सरळच विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी?

ती वडिलांच्या पानात भाकरी वाढत होती. म्हणाली, "काकू, बाबांना आजवर कोणी बसून ऐकलेलं नाही. लोक नाचतात, जेवतात, रुसवेफुगवे काढतात. माझंही तेच. लोक खेळतात, ऐकत कोणीच नाही. बाबांना एकदा तरी लोकांनी नुसतं ऐकावं, एवढंच मला पाहायचंय."

"नगं रे बाबा," मास्तर म्हणाले. "बँड वाजताना मानसं गप झाली म्हंजे काहीतरी इपरीत घडलेलं असतंय. पुसेगावच्या एका लग्नात अशीच गप झाली. डोळे उघडून बघतो, तर नवरदेव घोड्यावरून खाली! तवापासून गडबड चालू असली की जिवाला बरं वाटतं."

पल्लवी हसली नाही. ती सारखी मोबाईलवर तोच तुकडा ऐकत होती, शेवटचा.

संध्याकाळी औंढ्याचं मंगल कार्यालय भरलं. सूर्य अजून मावळायचा होता. लोक ठरल्या वेळेनंतर निवांत आले, वरातीमागून घोडं. बायका नवी लुगडी-साड्या नेसून आल्या होत्या आणि नवरी कुठल्या खोलीत आहे ते शोधत होत्या. एका आजोबांनी मला मुलीकडची समजून पंगत कधी बसणार ते विचारलं. पंगत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मी तरी काय करणार!

कार्यक्रम सुरू झाला. व्हायोलिनचे सूर आले तेव्हा अर्ध्या लोकांची पाठ मंचाकडे होती. बँड सुरू झाल्यावर मात्र सभागृहात जान आली. दोन काका पुढे येऊन नाचायला लागले, लेकरं त्यांच्या पायांत घुसली. मागे कोणीतरी हळदीच्या भावावर मोठमोठ्याने वाद घालत होतं. ती ओळखीची चाल फिरून फिरून येत होती आणि मला तिचं प्रत्येक वळण पाठ होतं. पल्लवीचे हात हलत होते, पण मान खाली गेली होती. मला त्या पोरीचं वाईट वाटलं. एवढ्या लांब माणसं आणली आणि शेवटी लग्नच झालं.

शेवट आला. तिने हात वर करून मूठ मिटली.

व्हायोलिनं गप्प झाली. आणि मास्तरांनी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तो वर गेलेला हात पाहिला मात्र, ते सुटले! त्यांच्यामागे अख्खा बँड. क्षणभराने ढोलवाल्याच्या लक्षात आलं, त्याने जीभ चावली आणि हात आवरले. मग एकेक वाद्य बंद पडत गेलं. मास्तरांचे डोळे एव्हाना पूर्ण मिटले होते. ते जागच्या जागी पावलं टाकत एकटेच वाजवत राहिले.

ढोल थांबला तसे नाचणारे काका हात वरचे वर ठेवून थबकले. भावावरचा वाद थांबला. काय झालं म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या, आणि कानावर पडली ती फक्त क्लॅरिनेट. ताशा नाही, गलका नाही. माझ्या स्वयंपाकघरात वर्षभर उतरणारी तीच चाल, पण हा नदी शोधणारा माणूस दमलेला होता, म्हातारा होता आणि तरी चालत होता. कोणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ते मी पदराने पुसलं आणि पुन्हा आलं.

पल्लवी मूठ तशीच वर धरून उभी होती. हात खाली घ्यायची तिची छाती होत नव्हती.

मग मास्तरांनी डोळे उघडले.

समोर भरलेलं सभागृह आणि सगळं चिडीचूप. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. क्लॅरिनेट तोंडातून निघाली. "काय झालं?" ते घाबरून म्हणाले. "कोन पडलं?"

पल्लवीचा हात आता कुठे खाली आला. "कोनीच न्हाई, बाबा," ती म्हणाली. पुण्यात तिची ही बोली मी कधी ऐकली नव्हती. "लोक तुमाला ऐकून राहिलेत."

मास्तरांनी एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. कोटाची बटणं चाचपली.

"आधी सांगायचं न्हाई का, माय," ते म्हणाले. "पयल्यापासून वाजवतो मंग."

लोक हसले, पण कोणी उठलं नाही. पंगतीची चौकशी करणारे आजोबा खुर्ची ओढून पुढे सरकले. मास्तरांनी पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते.

परतीच्या बसमध्ये मांडीवर व्हायोलिन नव्हतं, म्हणून खिडकीही मिळाली नाही. पिशवीत मास्तरांनी दिलेलं येसर होतं. प्रवासात काय पाहिलं असं लोक विचारतात. देऊळ बाहेरून पाहिलं, हळदीची शेतं चालत्या रिक्षातून पाहिली, एवढंच सांगता येईल. ऐकलं ते मात्र पुरेपूर.

परवा मी येसराची आमटी उकळत ठेवली होती. वर चाल सुरू झाली आणि थोड्या वेळाने मध्येच थांबली. जिन्यात पावलं वाजली आणि पल्लवी दारात येऊन उभी राहिली.

"काकू, काय झालं? आज टीव्ही बंद?"

"काही झालं नाही," मी म्हटलं. "तू वर जा आणि पयल्यापासून वाजव."