शनिवारची सुई आणि नव्याचा भात

वजनाच्या बाबतीत मी आयुष्यभर थापा मारत आले. आधी बाळंतपणावर ढकललं, मग अंगलटच अशी म्हटलं, मग घराण्यावर गेले. महाडच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे मी दुखरे गुडघे घेऊन गेले, त्यांनी यातलं काहीच ऐकून घेतलं नाही. काट्यावर उभं केलं, साखर तपासली, रिपोर्ट वाचले आणि म्हणाल्या, "गुडघ्यांचा काही दोष नाही हो. ते बिचारे वर्षानुवर्षं ओझं वाहतायत." मला राग आला. पण बाई बरोबर बोलत होत्या, आणि बरोबर बोलणाऱ्यांचाच मला जास्त राग येतो.

त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची सुई सुचवली. माझ्या आजारांची, घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर होता का याची, पित्ताशयाची सगळी चौकशी केली आणि मग मला वही काढायला लावली. मी शिक्षिका. दुसऱ्याने सांगितलेलं लिहून घ्यायची मला सवय नाही, तरी लिहिलं. पहिले चार आठवडे छोटा डोस, पोटाला सवय व्हावी म्हणून. सोसला तर पुढे वाढवायचा. मळमळेल, ढेकरा येतील, पोट साफ होणार नाही. डोस वाढेल तेव्हा हे सगळं परत डोकं वर काढेल, घाबरायचं नाही. ताटली लहान घ्यायची, हळू जेवायचं, पोट भरायच्या जरा आधीच हात धुवायचा. उपाशी राहायचं नाही. सुईनंतरचे दोन दिवस तळलेलं आणि तुपकट टाळायचं. पाणी भरपूर, आणि डाळी, अंडी, मासे खायचे, नाहीतर चरबीबरोबर अंगातली ताकदही जाते. पोटात जोराची कळ येऊन पाठीपर्यंत गेली आणि उलट्या थांबेनात, तर ओवा चघळत न बसता थेट दवाखाना गाठायचा.

"आणि एक," बाई म्हणाल्या, "घरच्यांना सांगून ठेवा. तुम्हाला जेवायला बोलावणाऱ्यांनाही."

हे शेवटचं मी लिहून घेतलं नाही. आमच्याकडे मधुमेहाची सुई घेणाऱ्याची लोक कीव करतात आणि वजनाची सुई घेणारीला हसतात. ज्या बाईने तीस वर्षं वर्गातल्या पोरांना मनावर ताबा ठेवायला शिकवलं, तिला भज्यांपुढे ताबा ठेवायला औषध लागतं, हे स्टाफरूममध्ये कळलं असतं तर माझी काय शोभा झाली असती, ते मला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याला सांगितलं, कारण सुई फ्रिजमध्ये ठेवायची होती आणि फ्रिज दोघांचा होता. तो म्हणाला, "म्हणजे तू आता उपास विकत घेणार." लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर माणूस एवढंच बोलतो.

शनिवार ठरवला. शनिवारी शाळा सकाळची, रविवारी लोळता येतं. आमच्या गल्लीत नदीचं पाणी शिरतं म्हणून फ्रिज वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोलीला लागून आहे. तिथेच पलंगावर बसून मी पहिली सुई घेतली. पोटाच्या बाजूला चिमटा धरला, सुईचं पेन टेकवलं, दाबलं, दहा आकडे मोजले. मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. इतक्या सोप्या गोष्टीसाठी मी तीन दिवस झोप घालवली होती.

खरी गंमत पुढच्या आठवड्यात कळली. मधल्या सुट्टीत कुणीतरी वडापाव आणले. माझ्यापुढेही कागद उलगडला, आणि मला तो नको होता. मी नको म्हणत नव्हते, तो खरंच नको होता. सकाळी उठल्यापासून आज काय करायचं, काय उरलंय, चहाबरोबर काय, असा जो एक विचार डोक्यात सतत चालू असायचा, तो बंद पडला होता. इतर माणसं अशीच जगतात का, हा प्रश्न मला पन्नाशीत पडला. आणि कधी नव्हे ते मला माझी दया आली. एवढी वर्षं मी स्वतःला हावरट समजत होते.

बाकी सगळं बाईंनी सांगितलं तसंच झालं. रविवारी मळमळ, सोमवारी ढेकरा, बुधवारपर्यंत पोट रुसलेलं. पाणी आणि इसबगोल यांच्या जिवावर मी तो महिना काढला. साडीच्या निऱ्यांना एक घडी जास्त पडायला लागली.

आता दादाबद्दल सांगायला हवं. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. पोलादपूरच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या आमच्या गावी तो आणि वहिनी राहतात, भातशेती करतात. वडील जाऊन दोन वर्षं झाली, आई त्याआधीच गेलेली. उन्हाळ्यात दादाचा फोन आला, "बुधवारी पोलादपूरला कचेरीत ये गो बाय, सही हाय." कसली सही ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बाप गेला की बहिणीने जमिनीवरचा हक्क भावाच्या नावे सोडायचा, ही आमच्याकडची रीत. हक्कसोड केली की माहेर राहतं आणि हिस्सा मागितला की तुटतं, असं कुणी तोंडाने बोलत नाही. पण प्रत्येक मुलीला ते कळत असतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले, सही केली, अंगठा दिला, फोटो काढून घेतला. नंतर दादाने स्टँडसमोर भजी खाऊ घातली. मी दोन प्लेट खाल्ली आणि घरी आले.

आमच्या गावी भात कापणीला आलं की नव्याचं जेवण असतं. नवा तांदूळ शिजवायचा, देवाला दाखवायचा आणि घरच्या सगळ्यांनी एका पंगतीला बसून खायचा. सासरी गेलेल्या मुलीही त्यात आल्या. मी एकही वर्ष चुकवलेलं नाही. या वर्षी ते रविवारी आलं आणि नेमक्या आदल्या शनिवारी माझा डोस वाढला. एखादा दिवस मागेपुढे चालेल का, हे बाईंना विचारायचं मला सुचलं नाही. शिवाय मी आमच्या लोकांची नेहमीची चूक केली. मोठ्या जेवणाला जायचं म्हणजे सकाळपासून पोट राखायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. उपाशी राहू नका असं वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं असताना मी नुसत्या चहावर एसटीत बसले. पोलादपूरच्या पुढची वळणं सुरू झाली तेव्हा पोटात जे ढवळायला लागलं, ते मी देवाचं नाव घेत दाबून ठेवलं.

पान मांडलं तेव्हा अडीच वाजले होते. नव्या तांदळाचा वाफाळता भात, वर तुपाची धार, वालाचं बिरडं, वडे, खीर. वहिनी वाढायला उभ्या. "वन्स, ह्यो खालच्या खाचरातला हाय. आबांचा." आबा म्हणजे माझे वडील. खालच्या खाचराचा तांदूळ ते माझ्या बाळंतपणात डोक्यावर गोणी घेऊन महाडला पोचवून गेले होते. मी घास घेतला. दुसरा घेतला. चौथ्या घासाला तोंडात पाणी सुटलं, ते भुकेचं नव्हतं. "बास, पोट भरलं," एवढं म्हणून मी उठले आणि मागच्या दाराने सरळ अळवाच्या वाफ्याकडे गेले. तिथे काय झालं ते कुणी पाहिलं नाही. मी तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि परत आले तेव्हा माझ्या पानातला भात तसाच होता आणि पंगत गप्प होती.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण पंगतीला वहिनींच्या माहेरची माणसं होती आणि मला सुईचं हसं नको होतं. डोकं दुखतंय म्हटलं आणि चारची गाडी पकडली. दरवर्षी वहिनी नव्या तांदळाची पिशवी बांधून देतात. तीही घाईत ओटीवरच राहिली. हे मला महाडच्या स्टँडवर उतरल्यावर आठवलं.

मी फोन केला, वहिनींनी उचलला. "र्‍हाऊ दे वन्स. तुमाला नको असंल तर नाय." आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. मला तो तेव्हा ओळखता आला नाही. तीन आठवडे दादाचा फोन नाही. तो एरवीही फोनवाला माणूस नव्हे, म्हणून मी मनाची समजूत घातली. पण रात्री पाठ टेकली की पंगतीतली ती शांतता आठवायची. सही करणाऱ्या बहिणीने त्याच जमिनीचा पहिला भात पानात टाकला आणि पिशवीही सोडून गेली. माझ्या गावात याचा एकच अर्थ निघतो, की बहिणीला हिस्सा हवा होता. अर्थ कळला तेव्हा मी अंथरुणात उठून बसले. दादा सोडला तर माहेर म्हणून मला दुसरं कुणी उरलेलं नाही.

भाऊबीजेला तो आला. नेहमी हाका मारत येतो, त्या दिवशी दारात चप्पल काढून मुकाट आत आला. मी पाट मांडला, ताम्हन घेतलं. तो पाटावर बसला नाही. खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला.

"आदी ह्ये घे. मंग ओवाळ."

वकिलाकडून लिहून आणलेला मसुदा होता. खालची खाचरं माझ्या नावावर करायचा.

"तुला सही नको व्हती तर सांगायचं तेव्हा," दादा म्हणाला. "भांडायचं. पन माझ्या घरात पानावरनं उठायचं नाय गो. तुझी वहिनी त्या दिसापासनं नीट जेवली नाय."

मी ताम्हन खाली ठेवलं आणि त्याचा हात धरून त्याला वर नेलं. जिना चढताना तो विचारत राहिला, काय झालं, काय झालं. फ्रिज उघडून पेन दाखवलं, डॉक्टरीणबाईंचं सगळं लिहून घेतलेली वही दाखवली, अळवाच्या वाफ्यात काय झालं ते सांगितलं. सांगताना मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. दादाने पेन उलटंसुलटं करून पाहिलं.

"रोग मोठा नाय ना?"

"नाही रे. वजन. आणि साखर."

"मंग वजनाची सुई घेतेस ह्ये सांगायला काय जातं? आमी काय गावात दवंडी पिटनार व्हतो?" तो पलंगावर बसला आणि पहिल्यांदा मोठा श्वास सोडला. त्याने लगेच वहिनींना फोन लावला. "अगो, नाय, रागावली नाय, दवाई चालू हाय तिची." पलीकडून वहिनींचा रडण्याचा आवाज मला ऐकू आला. मला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून.

फोन ठेवून दादाने तो कागद परत घडी केला, पण खिशात घातला नाही. गुडघ्यावर ठेवून त्यावर हात फिरवत राहिला.

"म्हंजे सही करताना तुला वाईट नाय वाटलं," तो म्हणाला.

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. सगळं मिटलं होतं. खाली निरांजन विझायला आलं असेल, असाही विचार मनात आला. पण एवढे महिने मी ज्याच्याबद्दल स्वतःशीही बोलले नव्हते, ते त्याने नाव घेऊन समोर मांडलं होतं.

"वाटलं," मी म्हणाले. "जमीन नकोय मला. तू कागद तयार करून बोलावलंस. एकदा विचारायला हवं होतंस."

दादाने कागदाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"तू नाय म्हनशील ह्याचं भ्याव वाटलं मला," तो म्हणाला. "म्हनून ईचारलं नाय."

"मी नाही म्हटलं नसतं, दादा."

"आता ठाव हाय," दादा म्हणाला. "त्येचंच जास्त वाईट वाटतंय."