विहिरीचे दोन कागद

माझी थोरली बहीण पुण्यात शाळेत शिकवायची आणि शाळा सुटली की सोमालियातून आलेल्या निर्वासितांचे आसऱ्याचे अर्ज लिहायची. चार-पाच जणांची मिळून लहानशी संस्था. बसायची कुठे, तर हिच्याच पुढच्या खोलीत. बायका सांगत ते ही आधी मराठीत उतरून घेई, मग इंग्रजी करून कचेरीत देई. संस्था मिटली, अक्काही गेली, आणि त्या मराठी कागदांची खोकी आली माझ्याकडे देवबागला. दर मे महिन्यात कोकमाच्या सोलांशेजारी ते कागद मी उन्हाला घालते. नाहीतर इथल्या खाऱ्या दमट हवेत काय टिकतं हो!

यंदा पुण्याचं एक ग्रंथालय ती न्यायला तयार झालं. कॉम्प्युटरवर चढवणार, कोणीही वाचावं. मुलगा खूश. "आये, खोकी गेली काय खोली रंगवया. पावण्यांका भाड्यान देवक येतली."

ग्रंथालयाने अर्जांतल्या जुन्या बायकांना कळवलं असावं. त्यातल्या एकीचा मला फोन आला. पुण्यातच राहते, हिंदी बोलते. "आपा, मेरा कागज़ निकाल दो."

कारण काय, तर लेक. पुण्यात जन्मली, मराठी शाळेत शिकली, त्याच ग्रंथालयात अभ्यासाला बसते. मावशी तापाने गेली, असं तिला सांगितलेलं.

नाव सांगितलं, पण त्या नावाच्या बायका खोक्यांत भरपूर. तुमचा कसा ओळखू, विचारलं. मग म्हणाली, "जिसमें कुआँ है."

शोधायला बसले, तर विहिरीचे निघाले दोन. नाव तेच, विहीरही तीच. तिघी पाण्याला गेल्या, बंदूकवाले आले, दोघी झुडपात लपल्या, तिसरीला नेलं. नेलेली कोणाची कोण, ते दोन्हींत नाही. एकात आहे, मी ओरडणार होते, बरोबरच्या बाईने माझं तोंड दाबलं. दुसऱ्यात, तोंड मी दाबलं.

दोन्ही काढावे? पण दुसरीने कुठे मागितलंय! शेवटी फोन लावला. विचारलं, तोंड दाबणारा हात कोणाचा होता ते.

"मेरा," ती म्हणाली. "जिसे ले गए, वो बहन भी मेरी थी." मग, "दूसरी अब नहीं है. उसका रहने दो."

त्यात तुमचा हात आहे, हे मी सांगितलं तिला. "नाम तो नहीं है ना?"

नव्हतं. नुसतं 'बरोबरची बाई'.

फाटकी पोथी, देवाचे जुने फोटो आम्ही ओहोटीलाच खाडीत सोडतो. भरतीला सोडलेलं परत दारात येतं. तसाच तिचा कागद सोडला. मुलगा म्हणाला, "पुण्याचे इचारतले मगे?"

"वाळवीन खाल्ल्यान म्हणान सांग."

दुसऱ्या दिवशी गाडी आली, खोकी गेली. दुसरीचा कागद त्यांत आहे. तिची लेक कधीतरी वाचेल, आणि तोंड दाबणारी कोण ही बाई, असं म्हणून संध्याकाळी आईलाच सांगत बसेल.